पोटाची लाइन

मे महिन्यातला मंगळवार. ताटात ज्वारीच्या दोन भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी आणि बुक्की मारून फोडलेला कांदा. पहिली भाकरी संपली. दुसरीचा तुकडा मोडला, भरीत लावलं आणि हात तिथंच थांबला. मळमळत नव्हतं, पोट दुखत नव्हतं, घरात कुणाशी वाजलंही नव्हतं. पुरे झालं होतं, इतकंच.

बायकोनं विचारलं, "का हो? खारट झालंय का?"

"नाही. पुरे."

ती तव्याकडं वळली होती ती तशीच माझ्याकडं बघत राहिली. लग्नाला तेहतीस वर्षं झाली आमच्या. साहेबांचा फोन ठेवल्यावर मी 'पुरे' म्हटलेलं तिनं पुष्कळदा ऐकलं असेल, जेवताना कधीच नाही. कॉटवर बसलेली आई म्हणाली, "अन्न टाकू नये रं." मी तुकडा पुन्हा उचलला, तोंडाजवळ नेला आणि खाली ठेवला. ती भाकरी संध्याकाळी आईनं दुधात कुस्करून खाल्ली.

त्याआधीचे तीन रविवार मी पोटात वजन उतरवायच्या औषधाची सुई टोचून घेतली होती. का टोचून घेतली ते सांगायचं तर तारांपासून सुरुवात करावी लागेल.

मी टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होतो. खड्ड्यात उतरायचं, केबल सोलायची, रंग बघून तारांच्या जोड्या, म्हणजे पेअर, जुळवायच्या, जॉइंट बंद करायचा आणि वर येऊन चहा प्यायचा. १९८८ पासून हेच केलं. ३१ जानेवारी २०२० ला स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्या एका दिवशी देशभरातून आमच्यातले सुमारे ७८ हजार लोक घरी गेले, त्यातला मी एक. नोकरीला लागलो तेव्हा ६१ किलो होतो, घरी आलो तेव्हा ९४. मग करोना, घरात बसणं आणि आमचं सांगलीचं भडंग. २०२५ च्या मार्चमध्ये काटा १०३ वर गेला होता. उंची पाच फूट सहा इंच. मधुमेहाला नऊ वर्षं झालेली आणि तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ८.४.

कमी करायचा प्रयत्न केला नाही असं नाही. २०२२ मध्ये दिवसातून दोनदाच जेवायचं, हे आठ महिने पाळलं आणि अकरा किलो उतरवले. गल्लीतली माणसं थांबवून विचारायची, काय करता म्हणून. पुढच्या वर्षभरात तेरा किलो परत आले, मग कुणी काही विचारलं नाही. एका दवाखान्यात तर भरल्या बाकड्यांसमोर ऐकून घेतलं होतं, "तोंडाला कुलूप लावा हो जरा." शेजारचा पेशंट हसला. मीही हसलो, काय करणार? पण मनात खरंच वाटायचं की आपल्यात काहीतरी कमी आहे. भर पावसात खांबावर चढायला न घाबरलेला माणूस भडंगाच्या डब्यापुढं हात टेकतो, म्हणजे काय!

तो डबा स्टीलचा आहे, झाकण घट्ट बसतं. रात्री अकराला उघडला तर 'टण्' असा आवाज सगळ्या घराला ऐकू जातो. त्यावर मी उपाय शोधून काढला होता. डावा अंगठा झाकणाच्या मधोमध दाबून धरायचा आणि उजव्या हाताच्या नखांनी कड हळूहळू उचलायची. अजिबात आवाज येत नाही. त्या वेळी पोटात भूक असायची का? नसायची, जेवून दोन तासच झालेले असायचे. डोक्यात मात्र रिंग वाजत असायची, आणि रिंग वाजत असली की माणसाला दुसरं काही सुचत नाही. फोन उचलावाच लागतो.

मिरजेतल्या डॉक्टरबाई वयानं माझ्या मुलीपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या असतील. वजनाचा कागद बघून त्या काहीच बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "काका, जेवताना थांबायचं कसं कळतं तुम्हाला?"

असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. विचार करून सांगितलं, "ताट रिकामं झालं की."

"आणि पोट काय म्हणतं?"

"पोट काय म्हणणार?"

त्यांनी माझीच फाइल उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर माणूस काढला. पोटाची पिशवी, आतड्याची वेटोळी आणि तिथून छातीतून, मानेतून वर मेंदूच्या देठापर्यंत जाणारी एक रेघ. म्हणाल्या, ही व्हेगस. मेंदूतून थेट निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी दहावी. लॅटिनमध्ये तिच्या नावाचा अर्थ भटकणारी, कारण हृदय, फुप्फुसं, जठर, आतडी असं सगळीकडं फिरून येते. मग म्हणाल्या, लोकांना वाटतं मेंदू हुकूम सोडतो आणि पोट ऐकतं. या नसेतले शंभरातले सुमारे ऐंशी धागे खालून वर बातमी नेणारे आहेत.

मी खुर्चीत पुढं सरकलो. आमच्या तांब्याच्या पेअरवर दोन्हीकडून बोलता येतं. इथं प्रत्येक धाग्याची दिशा ठरलेली, आणि पाचातल्या चार धाग्यांवर पोट बोलतंय, मेंदू फक्त ऐकतोय! मी विचारलं, "मग माझी लाइन डेड आहे?"

त्या हसल्या. "डेड नाही. तुमच्या भाषेत काय म्हणतात ते तुम्हीच ठरवा."

घरी येऊन मुलीला कामाला लावलं. ती कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. शनिवारी घरी आली की मोबाइलवर शोधनिबंध उघडायची आणि मला मराठीत सांगायची. मी मधेच "थांब, थांब" करून माझ्या तारांची उदाहरणं द्यायचो आणि ती "बाबा, तसं नाही हो" म्हणून डोक्याला हात लावायची. त्या उन्हाळ्यात जेवढं ऐकलं त्यातलं जे डोक्यात राहिलं ते लिहितो.

१९१२ साली हार्वर्डमधले वॉल्टर कॅनन आणि त्यांचा विद्यार्थी वॉशबर्न यांनी एक प्रयोग केला. वॉशबर्ननं नळीला बांधलेला फुगा गिळला, तो पोटात फुगवला आणि पोट आवळलं की कागदावर रेघ उमटेल अशी सोय केली. भूक लागली की त्यानं कळ दाबायची. कळ आणि आवळ यांचा मेळ बसला. आपण पोटात कावळे ओरडतात म्हणतो ते कावळे त्यांनी कागदावर उतरवले. पण पुढं असंही दिसलं की पोट काढून टाकलेल्या माणसांनाही भूक लागते. म्हणजे कावळे नुसते जठरात बसत नाहीत.

'पुरे'ची बातमी दोन तऱ्हांनी निघते. जठर ताणलं की ताण ओळखणारी टोकं बोलतात. त्यांना ताक आणि बिर्याणी यांतला फरक कळत नाही, त्यांना फक्त आकारमान कळतं. अन्न पुढं आतड्यात उतरलं की तिथल्या अस्तरातल्या काही पेशी त्यात चरबी आहे का, प्रथिनं आहेत का हे चाखतात आणि हार्मोन सोडतात. त्यांतलं एक कोलेसिस्टोकायनिन. १९७३ मध्ये अमेरिकेत उंदरांना ते टोचलं तर उंदीर जेवण आवरतं घेऊ लागले. १९८१ मध्ये त्याच गटानं पोटाकडं जाणारी व्हेगसची फांदी कापली आणि पुन्हा टोचलं, तर परिणाम गेला. हे ऐकून मी टाळी दिली मुलीला. फॉल्ट असाच शोधतात! लाइन काढून बघायची, आवाज गेला तर आवाज त्याच लाइननं येत होता.

बराच काळ समज असा होता की ही हार्मोनं आसपास झिरपतात, रक्तात मिसळतात आणि सावकाश काम करतात. २०१८ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या दिएगो बोहोर्केझ यांच्या गटानं दाखवलं की आतड्यातल्या काही पेशी व्हेगसच्या टोकाला थेट जोडलेल्या असतात, आणि साखरेची बातमी सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात तारेवर चढते. मी विचारलं, "जॉइंट?" मुलगी म्हणाली, "हो बाबा, जॉइंट." तिच्या शिक्षणाचा सगळा खर्च त्या एका शब्दात वसूल झाला.

माझ्या मनात एक शंका होती. बातमी इतकी चटकन चढत असेल तर पोट भरल्याचं कळायला वीस मिनिटं लागतात असं का म्हणतात? पोटातले हे धागे बहुतेक बिनआवरणाचे, सावकाश वाहणारे, सेकंदाला मीटरभर. तरी पोटापासून मेंदूच्या देठापर्यंत अंतर ते किती, हातभर! मग उलगडा झाला. तार उशीर करत नाही, अन्न करतं. जठरातून ते थोडं थोडं खाली सुटतं, आणि आतडं चाखून काही कळवेपर्यंत मी दुसरी भाकरी संपवून तिसरीकडं बघत असतो. खात्यात आम्ही खड्ड्याच्या काठावर उकिडवं बसून सात मिनिटांत डबा संपवायचो, कारण कुठलीतरी कचेरी किंवा दवाखाना बंद पडलेला असायचा.

आणि सगळ्यात खोल लागलं ते ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचं काम. तुपकट खाद्यावर वाढवलेल्या उंदरांमध्ये ताण ओळखणारी व्हेगसची टोकं मंदावलेली आढळली. जठर तेवढंच ताणलं तरी बातमी कमी जाते. पुढं त्या उंदरांना साध्या खाद्यावर आणलं तरी तो मंदपणा टिकून राहिला. मी उंदीर नाही हे मला कळतं. पण ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवला. कृष्णेचं पाणी गावात शिरलं, आमचे पिलर, म्हणजे रस्त्याकडेच्या जोडणीच्या पेट्या, पाण्याखाली गेले. पाणी उतरल्यावर लोक तक्रार करायचे, फोन बंद आहे. बऱ्याच लाइनी बंद नव्हत्याच. केबलीत पाणी शिरलं की पलीकडचा माणूस बोलत असतो, त्याचा आवाज येतही असतो, पण खरखरीत बुडतो. आणि बाहेर ऊन पडलं म्हणून केबल आतून वाळत नाही. डॉक्टरबाईंना हवा होता तो शब्द मला मिळाला. डेड नव्हे, भिजलेली.

२०२२ च्या उपासाचाही हिशोब लागला. मेलबर्नमध्ये माणसांवरच केलेला २०११ चा अभ्यास आहे. दहा आठवड्यांच्या कडक आहारानं वजन उतरवलेल्यांची भूक वाढवणारी आणि आवरणारी हार्मोनं त्यांनी वर्षभरानं पुन्हा मोजली. वर्ष उलटूनही ती वजन परत चढवायच्याच बाजूला होती. मग माझे तेरा किलो परत आणण्यात मी एकटा नव्हतो तर!

डॉक्टरबाईंनी सुचवलेल्या इंजेक्शनचं नाव तिर्झेपटाइड. भारतात ते मार्च २०२५ मध्ये आलं. आतडं जेवणानंतर जीएलपी-१ आणि जीआयपी नावाची दोन हार्मोनं सोडतं, त्यांची ही नक्कल. आतड्यातलं जीएलपी-१ रक्तात दोनेक मिनिटांत विरतं, त्यामुळं बरीचशी बातमी जवळच्या तारेलाच सांगून मोकळं होतं. नक्कल मात्र पाच दिवसांनी निम्मी होते, म्हणून आठवड्यातून एकदा पुरते. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे बहुतेक करून रक्तातून जाऊन मेंदूलाच सांगतं. मी ताडकन म्हणालो, "म्हणजे केबल दुरुस्त होत नाही. थेट एक्सचेंजमध्ये शिरून 'पुरे'चा दिवा लावायचा." त्या म्हणाल्या, "असं म्हणा हवं तर. आणि काका, मेंदूच्या देठाशी ज्या जागेला ते भेटतं तिच्या अगदी लगत उलटीचं केंद्र आहे. दोन्ही दिवे शेजारी शेजारी आहेत."

तेव्हा मी हसलो. आखाडात रडलो, ते पुढं येईल.

आधी चौकशी बरीच झाली. घरात कुणाला थायरॉइडचा अमुक प्रकारचा कर्करोग झाला होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का. डोळ्यांचा पडदा तपासून आणायला लावला. साखरेची एक गोळी निम्मी केली, नाहीतर साखर फार खाली जाईल म्हणाल्या. पैशांचं त्यांनीच आधी सांगितलं, ते मला आवडलं. महिन्याच्या चार बाटल्यांचे चौदा हजार, पुढचा डोस साडेसतरा हजार. पेन्शनीला हे भोक मोठंच आहे. बायको म्हणाली, "गुडघे बदलायला किती लागतात ते विचारा एकदा." विषय तिथं संपला.

२७ एप्रिलच्या रविवारी पहिली सुई. अडीच मिलिग्रॅम, औषध जेमतेम अर्धा मिलिलिटर. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या होत्या, तिथं कोथिंबिरीच्या डब्याला हटवून जागा केली. बेंबीपासून चार बोटं सोडून चिमूट धरायची, स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि टोचायचं. डासापेक्षा कमी. आई खाटेवरून म्हणाली, "एवढ्याशा पाण्याला चार हजार?" "साडेतीन," मी म्हणालो.

मंगळवारी सकाळी फिरून येताना वड्याच्या गाड्यावरून पुढं आलो आणि दहा पावलांनी लक्षात आलं, आपण गाडा बघितलाच नाही. तेलाचा वास आला होता. नाकाला कळलं, पण रिंग वाजली नाही. रात्री अकराला सवयीनं स्वयंपाकघरात गेलो, दिवा लावला आणि उभाच राहिलो. कशाला आलो होतो? पाणी प्यालो आणि झोपलो.

ही शांतता कुणाला समजावून सांगणं अवघड आहे. ज्याच्या घरात चाळीस वर्षं रेडिओ चालू आहे त्याला तो चालू असल्याचं कळत नाही. बंद झाला की कळतं. पहिले पंधरा दिवस मी त्या शांततेनं जवळजवळ गहिवरलो होतो, आणि एकदा चिडलोही. गल्लीतली बारीक माणसं आयुष्यभर या अशा डोक्यानं हिंडत होती, आणि वर मला कुलूप लावायला सांगत होती!

सगळं गोड झालं असं मात्र नाही. पहिल्या महिन्यात पोट साफ होईना, इसबगोल सुरू केला. पाच मिलिग्रॅमवर गेल्यावर सकाळी मळमळ, आल्याचा तुकडा मिठात घोळून चघळायचा. आणि मग आखाड आला. श्रावणाच्या आधी मेव्हण्याकडं मटणाचं जेवण असतं, ते चुकवलेलं माणूस त्यांना आजारीच वाटतं. मी ठरवून गेलो होतो, एक भाकरी आणि वाटीभर रस्सा. पण पंगतीत बसल्यावर "दाजी, एवढंच?" सुरू झालं. तांबडा, पांढरा, पुन्हा तांबडा, नळी खास माझ्यासाठी ठेवलेली. अर्ध्यावर मला एक उचकी आली. एकच. मी पाणी प्यालो आणि जेवत राहिलो.

दुपारी एकचं जेवण. रात्री दहाला कुजक्या अंड्यासारखे ढेकर सुरू झाले. पहाटे तीनला ते मटण जसंच्या तसं बाहेर आलं. चौदा तास ते तिथंच बसून होतं! न्हाणीघराच्या दाराला धरून उभा होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बायको पाठीवरून हात फिरवत होती आणि पुटपुटत होती, "सांगत होतं ना पोट, सांगत होतं ना."

तिला कसं कळलं? तिनं ती उचकी ऐकली होती. म्हणाली, गेले दोन महिने जेवताना तुम्हाला एक उचकी येते आणि दोन घासांत तुम्ही थांबता. माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं. बत्तीस वर्षं फॉल्ट शोधणाऱ्याच्या घरात फॉल्ट बायकोनं शोधला. डॉक्टरबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, या औषधानं जठर सावकाश रिकामं होतं. हा परिणाम सुरुवातीला जास्त असतो, नंतर ओसरतो, पण तुम्ही त्याला ओसरायला वेळ दिला नाहीत. उचकीबद्दल म्हणाल्या, कुणाला उचकी येते, कुणी नुसता मोठा श्वास सोडतं, कुणाचं नाक वाहतं. ज्याची त्याची खूण असते.

तेव्हापासून जेवताना उचकी आली की बायको म्हणते, "आला बघा फोन."

तिच्याबद्दल एक सांगायचं राहिलं. जूनमध्ये एकदा तिनं पुरणपोळ्या केल्या होत्या. मी अर्धी खाऊन थांबलो. ती काही बोलली नाही, पण उरलेल्या पोळ्या डब्यात भरताना झाकण आपटलं. रात्री म्हणाली, "तेहतीस वर्षं तुमच्या तोंडाकडं बघून मीठ-तिखट ठरवलं. आता तुमच्या तोंडावर काही दिसतच नाही." चव जात नाही, उलट पहिले चार घास पूर्वीपेक्षा जास्त लागतात, हे मी तिला समजावत होतो. तिचं म्हणणं वेगळं होतं. तिसरी पोळी मागणारा माणूस तिला हवा होता, आणि त्याच माणसाचे गुडघे आणि साखर तिला नको होते. यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

ऑगस्टअखेर ९० किलो. साखर ६.६. जिना चढताना गुडघा बोलेनासा झाला. पण मांड्या सैल पडल्या, खुर्चीतून उठताना हात टेकावा लागायला लागला. वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातो. मग रोज दोन अंडी, मुगाचं धिरडं, ताक आणि पाठीवरच्या पिशवीत पाच किलो ज्वारी घालून खुर्चीतून वीस उठाबशा. नातेवाईक हसतात. हसू देत.

सप्टेंबरात मी आगाऊपणा केला. घराच्या स्लॅबचं काम निघालं होतं, पैशांची ओढ होती, पण खरं कारण ते नव्हतं. मला लाइन काढून बघायची होती. पाच महिने 'पुरे' ऐकण्याचा सराव झालाय, आता आपलं आपल्याला जमेल असं वाटत होतं. डॉक्टरबाईंना न सांगता इंजेक्शन थांबवलं.

पहिला आठवडा काही नाही. दुसऱ्या आठवड्यात उचकी दुसऱ्या भाकरीपर्यंत पुढं सरकली. चौथ्या आठवड्यात एका रात्री मी स्वयंपाकघरात उभा होतो, दिवा न लावता. डावा अंगठा झाकणाच्या मधोमध होता. मी अंगठ्याकडं बघितलं. अंधारात तो दिसत नव्हता, पण झाकणाचा गारवा लागत होता. त्याला कुणी सांगितलं होतं तिथं जायला? मी तर ठरवलं नव्हतं. डोक्यात रिंग वाजत होती, तीच जुनी. पाच महिन्यांपूर्वी सोडून गेली होती तिथूनच पुन्हा सुरू झालेली.

मी अंगठा काढला आणि झाकण उघडलं. 'टण्' वाजलं. बायको आतून म्हणाली, "खा, खा, पण दिवा लावून खा."

साडेतीन किलो परत आले. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मोठ्या चाचणीत ३६ आठवडे हे औषध घेऊन लोकांचं वजन सरासरी सुमारे २१ टक्के उतरलं होतं. मग त्यांतल्या निम्म्यांना नकळत नुसतं पाणी टोचलं, तर पुढच्या वर्षभरात त्यांचं वजन १४ टक्क्यांनी परत चढलं. ती माणसं काय आळशी होती? खंड मोठा पडला होता म्हणून मला पुन्हा अडीचवरून सुरुवात करायला लावली. किती दिवस घ्यायचं, मी विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "साखरेची गोळी किती दिवस घ्यायचीय, असं विचारलंत का कधी?"

दिवाळीत आईच्या शेजारी बसून फराळ करत होतो. ८० च्या पुढं वय, पण तिला कुणी आग्रह करू शकत नाही. चिमूटभर खाते आणि बस म्हणते. मी तिला तारेचं सगळं सांगितलं, खालून वर जाणारे ऐंशी धागे, भिजलेली केबल, एक्सचेंजमधला दिवा. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तू अंगावर पीत होतास तवा पोट भरलं की तोंड फिरवायचास," ती म्हणाली. "कितीबी धरलं तरी घ्यायचा न्हाईस."

"मग?"

"मग बहात्तर साल आलं."

आम्ही जत तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात मी पाच वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची. लाल मिलोची भाकरी आणि शाळेत मिळणारी सुकडी एवढं मला आठवतं. तिला जास्त आठवतं. "ताटात कण ठेवलास तर मी मारायची तुला. पोट भरलं म्हणायचास, तरी. उद्या मिळंल का न्हाई ते ठावं नव्हतं." ती चकलीचा तुकडा दातांखाली घोळवत राहिली. "पुसून खायला मीच शिकवलं."

मी काही बोललो नाही. आत बायको कढईत काहीतरी सोडत होती, त्याचा चर्र आवाज आला.

आईनं तिच्या बशीतला अनारसा मोडला, अर्धा खाल्ला आणि उरलेला अर्धा माझ्या बशीत टाकला. "घे. टाकू नये."

मी खाल्ला. खसखस दाताखाली आली. दाराआडून बायको कानोसा घेत होती, पण उचकी काही आली नाही.